धारेचा दगड

माझ्या एका कादंबरीत एक न्हावी आहे. फार नाही, दोन-अडीच पानांपुरता येतो, आपले काम करतो आणि जातो. तो येतो त्या ठिकाणी मी एक वाक्य लिहिले होते, आणि खरे सांगायचे तर त्या वाक्यावर मी खूष होतो : 'त्याने चामड्याचा पट्टा ताणला, वस्तऱ्याची धार पुढे केली आणि सपासप चार हात मारले.' पुस्तक निघाले. दोनचार परीक्षणे आली. कोणी भाषेची स्तुती केली, कोणी पाल्हाळाबद्दल कान उपटले. पण त्या वाक्याला कोणी हटकले नाही. हटकले ते आमच्या तळोद्यातल्या तात्यांनी. तेही पुस्तक वाचून नव्हे. त्यांच्या नातवाने त्यांना ती पाने मोठ्याने वाचून दाखविली होती.

"मास्तर," बाजारात गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "तुमचा न्हावी पट्टा कापून बसला की !"

मला काही उमजेना.

"धार पुढं केल्यावर पट्ट्याचं काय व्हईल ? पट्ट्यावर पाठ पुढं, दगडावर धार पुढं. आमचं पोर हे चड्डीत असताना शिकतं."

तात्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. सारे गाव त्यांना तात्याच म्हणते आणि मीही येथे तेवढेच म्हणणार आहे. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सुताराने दुसऱ्याच्या चौकटीचा काटकोन चुकलेला पाहून नुसते 'हं' म्हणावे, तसे ते बोलले. पण मला ते फार लागले. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. जे काही जमविले ते विचारून, पाहून, लोकांच्या ओट्यांवर बसून. आणि ज्या माणसाच्या पुढ्यात मी लहानपणापासून मान वाकवून बसलो, त्याच्या हातात काय चालले आहे हे मी कधी पाहिलेच नव्हते. वाकलेल्या मानेने दिसणार तरी काय, अशी स्वतःची समजूत घालून पाहिली. ती पटली नाही. मी त्यांना म्हटले, "तात्या, मला धार लावायला शिकवा."

ते हसले. "माझा नातू शिकत नाही, आणि तुम्ही शिकणार ?"

तळोदा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला तापी. पूर्वी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात या गावाची ओळख खानदेशातील लाकडाची मोठी पेठ म्हणून दिली आहे. येथल्या बैलगाड्या साऱ्या खानदेशात उत्तम मानल्या जात आणि रोशा गवताच्या तेलाचाही येथे मोठा व्यापार चाले. तेव्हा करवत, वाकस, पटाशी, रंधा यांच्या आवाजातच हे गाव वाढले. धार ही येथे पोथीतली गोष्ट नव्हती. तरीही गावात सुतार म्हणत, की आपली धार ती धार आणि न्हाव्याची ती विद्या. हे मी वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. ते सुतार नव्हते, म्हणून मी ते खरे धरतो.

तात्यांची धोकटी अजून आहे. तिच्यात कातर, चिमटा, नखे काढायची नराणी, काठ चेपलेली पितळी वाटी, पारा उडालेला आरसा, चामड्याचा पट्टा, पथरी आणि तीन वस्तरे. त्यांतला एक त्यांच्या आजाचा. त्याच्या पात्याच्या बुडाशी एक तारा आणि एक क्रूस कोरला आहे : इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांची ही खूण. मूठ मात्र मूळची नाही. ती कधीतरी तडकली आणि गावातल्याच कोणी म्हशीच्या शिंगाची दुसरी करून दिली. ताप्ती व्हॅली रेल्वे झाल्यावर नंदुरबारहून सुरतेस जाणे सोपे झाले, त्या काळात आजाने हा सुरतेहून आणला, असे तात्या सांगतात.

दिवाळीची सुटी लागली आणि माझी शाळा सुरू झाली. पहिले तीन आठवडे त्यांनी वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. दिला तो दगड. काळपट, साबणाच्या लांबट वडीएवढा. वापरून वापरून मधोमध खोलगट झालेला. दगडच वाकडा असेल तर धार सरळ कशी येणार ? पात्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रेषेत दगडाला टेकली पाहिजे. म्हणून शहाबादी फरशीवर बारीक वाळू आणि पाणी टाकायचे, पथरी पालथी घालायची आणि गोल गोल घासायची. तात्यांनी माझ्याच खिशातली पेन्सिल घेऊन दगडावर उभ्याआडव्या रेघा मारल्या. म्हणाले, साऱ्या रेघा एकदम गेल्या म्हणजे दगड झाला. कडेच्या रेघा लगेच गेल्या. मधल्या तीन काही केल्या जाईनात. मी रोज संध्याकाळी घासत होतो आणि त्या रोज मला वाकुल्या दाखवीत होत्या. वर्गात भूमितीची आकृती चुकली म्हणून ज्या मुलांवर मी डोळे वटारले होते, ती सगळी त्या तीन आठवड्यांत मला आठवली.

मग वस्तरा आला. आजाचा नव्हे; टोक मोडलेला एक जुनाट. वस्तरा दगडावर उभा धरायचा नाही, निजवायचा. त्याची जाड पाठही दगडाला टेकली पाहिजे आणि धारही. यातली खुबी मला फार उशिरा कळली. पटाशीला धार लावताना कोन सुताराच्या मनगटात असतो. वस्तऱ्याचा कोन पाते घडविणाऱ्याने आधीच देऊन ठेवलेला असतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या हिशेबातून तो निघतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. लावणाऱ्याने त्यात आपली अक्कल घालायची नाही, एवढेच त्याचे काम. दगड अरुंद आणि पाते लांब, म्हणून हात तिरका न्यायचा : बुडापासून सुरुवात आणि टोकाशी शेवट. धार पुढे. टोकाला आल्यावर वस्तरा पाठीवर पालटायचा, धारेवर नव्हे, आणि तसाच परत.

हे लिहायला पाच ओळी लागल्या. शिकायला दिवाळी ते आखाजी एवढा काळ गेला.

पहिली चूक म्हणजे पाठ उचलणे. वाटते की पाठ जरा उचलली तर धार लवकर येईल. येते ती बोथट, रुंद कड, आणि ती घालवायला पुन्हा शंभर हात. दुसरी चूक जोर करण्याची. "हाऊ वस्तरा शे, कुऱ्हाड नही," असे तात्या चिडले म्हणजे अहिराणीत म्हणत. एरवी माझ्याशी ते मास्तरी मराठी बोलतात. पात्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार द्यायचा नाही. तिसरी चूक सर्वांत लबाड. धार आली, तरी आणखी चांगली येईल या लोभाने घासत राहणे. मग कडेला केसाहूनही बारीक अशी पोलादाची पापडी सुटते. ती सुरुवातीला फार तीक्ष्ण वाटते, माणूस फुशारतो, आणि दुसऱ्या हाताला ती मोडून खाली दातेरी कड उरते. कादंबरीचे शेवटचे प्रकरण पाच वेळा लिहिणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

एकदा मी दोन तास खपून वस्तरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दाराशी नेऊन उन्हात तिरपा केला. कडेवर एक पांढरी रेघ चमकली. मला वाटले, काय झळाळी आली आहे ! ते म्हणाले, "धार दिसनी म्हनजे ती धार नही." बोथट कडेला थोडीतरी रुंदी असते, तिच्यावर उजेड ठरतो आणि परततो. खरी धार इतकी बारीक की उजेडाला तिच्यावर टेकायला जागा नाही. मी तिला डोळ्यांनी शोधीत होतो आणि ते तिला कानांनी ओळखीत. दगडावरून पाते जाताना सुरुवातीला खरखर येते, मग ती बसत बसत रेशमी कापड ओढल्यासारखी होते, आणि पाते पाण्याला चिकटल्यासारखे वाटू लागते. तेथे थांबायचे. मग पट्टा : पाठ पुढे, धार मागे. आणि शेवटी चार हात तळहातावर. हे शेवटचे मला त्यांनी शिकविले नाही. तळहात मास्तराचा आहे म्हणाले, खडू धरू दे.

मधल्या काळात माझ्या गालांवर तुरटीचे डाग कायमचेच झाले होते. "सर, घरी मांजर पाळलं का ?" असे पाचवीतल्या एका मुलीने विचारले. मी होय म्हटले.

याच सुमारास धुळ्याला एका मित्राच्या घरी सुश्रुतसंहितेचे भाषांतर हाती आले. मी सहज चाळीत होतो. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रांचे वर्णन आहे. कोणत्या शस्त्राची धार किती बारीक असावी हे सांगताना सुश्रुत मापे देतो ती मसुराची आणि केसाची : भेदनाच्या शस्त्रांची धार मसुराएवढी, लेखनाच्या शस्त्रांची अर्ध्या मसुराएवढी, शिरा टोचण्याच्या शस्त्रांची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्रांची अर्ध्या केसाएवढी. शस्त्र नीट पाजळले म्हणजे त्याने लव तुटली पाहिजे, ही परीक्षाही तेथेच आहे. तात्या आजही मनगटावरची लव उडवून पाहतात. आणि पाजळायचे कशावर ? तर उडदाच्या रंगाच्या गुळगुळीत शिळेवर. मी उठून उभा राहिलो. तीन आठवडे मी तीच शिळा घाशीत बसलो होतो ! पुढे लिहिले आहे की लावलेली धार टिकावी म्हणून शाल्मलीच्या लाकडाची फळी ठेवावी. शाल्मली म्हणजे आपली सावर. फाल्गुनात आमच्या डोंगरात तांबड्या फुलांनी पेटते ती. तिचे लाकूड इतके हलके आणि मऊ असते की आमचे गाडी करणारे सुतार तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

मी सावरीची एक फळी मिळविली, रंध्याने गुळगुळीत केली आणि तात्यांना न सांगता त्यांच्या पट्ट्याऐवजी तिच्यावर वस्तरा ओढून पाहिला, पाठ पुढे करून. मनगटावरची लव तुटली. पट्ट्यावर तुटते तितकी सहज नव्हे, पण तुटली. तात्यांना फळी दाखविली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून नाकाशी धरली आणि विचारले, "हे कोणी सांगितलं ?" मी म्हटले, फार जुन्या एका वैद्याने. "न्हावी असंल," ते म्हणाले.

असेलही. ग्रंथ लिहिणारा कोण होता ते एक आणि त्याला उडदाच्या रंगाचा दगड कोणी दाखविला ते दुसरे. बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात, भिक्षूंना वस्तरा, वस्तऱ्याचा दगड आणि त्याचे म्यान जवळ बाळगण्याची परवानगी आहे. आणि परंपरा सांगते की राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे नियम ज्याने सांगितले तो उपाली पूर्वाश्रमीचा न्हावी. आपल्याकडे संत सेना महाराजांनी आरसा आणि चिमटा यांनाच परमार्थाची अवजारे करून टाकले. एवढ्या दोनतीन ठिकाणी हा माणूस स्वतःच्या नावाने बोलतो. एरवी तो गप्प आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) बलुतेदारांच्या रांगेत त्याचे काम सापडते, पण ते बाहेरून पाहिलेले. आपण तलवारींचा इतिहास लिहिला. प्रतापगडावर १६५९ साली सय्यद बंडाचा हात तोडणारा जिवा महाला आणि पुढच्याच वर्षी पन्हाळ्यावरून शिवाजी महाराजांची पालखी म्हणून मृत्यूकडे गेलेला शिवा काशीद, हे दोघे न्हावी असल्याचे आपण अभिमानाने सांगतो. पण ते आपल्याला आठवतात ते त्यांनी वस्तरा खाली ठेवला त्या दिवसामुळे.

पोलादाची कथा आणखी गंमतीची आहे. १७९४ च्या सुमारास मुंबईतले इंग्रज डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या देशातल्या पोलादाचे तुकडे लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्याला ते लोक 'वूट्झ' म्हणत. मूळ शब्द कानडी 'उक्कु' असावा. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीत त्यावर निबंध वाचला आणि मथळ्यातच लिहिले की हे पोलाद मुंबईस तयार होते. ते मुंबईस मुळीच होत नव्हते. ते दक्षिणेतल्या भट्ट्यांवर, बंद मुशीत होई. मुंबई ते पाठविणारे बंदर. रॉयल सोसायटीच्या कागदातही अशी चूक छापून राहते हे वाचून माझ्या पट्ट्याच्या वाक्याबद्दल मला जरा धीर आला. पुढे लंडनमधले जेम्स स्टोडार्ट या चाकू-कात्र्या करणाऱ्याने त्या पोलादाची हत्यारे घडविली, आणि मायकेल फॅरडेला, होय, विजेच्या त्याच फॅरडेला, हाताशी घेऊन तसे पोलाद आपल्याकडे करता येईल का याचे प्रयोग केले. १८२० मध्ये दोघांनी ते प्रसिद्धही केले. त्या मिश्र पोलादाचे वस्तरे करून फॅरडेने मित्रांना भेट दिले. इकडे शेफील्डच्या भट्ट्या, १७४० नंतर हंट्समनने काढलेल्या मुशीच्या पद्धतीवर, जगाला वस्तरे पुरवीतच होत्या. तेव्हा ज्या देशाचे पोलाद पाहून लंडनचे विद्वान थक्क झाले, त्या देशातल्या तळोद्याचा न्हावी शंभर वर्षांनी शेफील्डचा वस्तरा घ्यायला सुरतेला गेला. दगड तेवढा येथलाच राहिला.

पोलाद इतके कठीण आणि केस इतका मऊ, मग वस्तरा बोथट होतोच कसा ? हे मी तात्यांना विचारले होते. ते म्हणाले, केस आडवा आला की वस्तऱ्याला राग येतो. २०२० साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या संशोधकांनी हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केस पोलादापेक्षा पन्नास पटींनी मऊ. तरी तो वाकून तिरपा लागला आणि नेमका धारेतल्या दुबळ्या जागी लागला, तर पोलादाचा टवका उडतो. पाण्याने भिजून केस मऊ पडतो, हे तर प्रत्येक न्हाव्याला ठाऊक. म्हणून तात्या वाटीतले पाणी बोटांनी गालात इतका वेळ जिरवीत की गिऱ्हाइकाला डुलकी लागावी. साबण पुढे आला. पूर्वी सारे काम नुसत्या पाण्यावर. आणि नुसत्या पाण्यावर काम करायचे तर सारी भिस्त धारेवर.

आखाजीला मी स्वतः लावलेल्या धारेने पहिली नीट दाढी केली. त्या संध्याकाळी फुशारक्या मारायला मी तात्यांकडे गेलो. त्यांनी माझ्या गालावरून उलटा हात फिरविला, काही बोलले नाहीत. मग पथरी हातात घेऊन धोतराच्या सोग्याने पुशीत म्हणाले, "या दगडावर तुमच्या माईंचं काम चालायचं."

माई म्हणजे माझ्या वडिलांच्या आत्या. अगदी लहानपणी विधवा झालेल्या. मी त्यांना पाहिले नाही. घरात त्यांचा एकही फोटो नाही. वडील सांगत ते इतकेच की त्या तांबडे आलवण नेसत, पदर भुवयांपर्यंत ओढीत, आणि दर पंधरवड्याला मागच्या पडवीत न्हावी येई. तेवढा वेळ मुलांना पुढच्या ओटीवर पिटाळीत. वडिलांनी एकदाच दाराच्या फटीतून पाहिले आणि पुढे जन्मभर ते न्हाव्याच्या दुकानात आरशासमोर डोळे मिटून बसत.

तो न्हावी तात्यांचा आजा. धोकटी घेऊन मागून चालणारा आठ-नऊ वर्षांचा पोरगा म्हणजे तात्या. १९५०-५१ ची ही गोष्ट.

"त्या दिवशी आजा पहाटेलाच दगड घेऊन बसायचा," ते सांगू लागले. "पाटलाच्या दाढीला पट्ट्यावर दहा हात. माईंच्या दिवशी शंभर. मी मोजायचो. एकदा म्हटलं, बाबा, एवढं कशाला ? तर म्हणाला, ती रडली तर रडू दे, पण आपल्या हातानं नको."

माझ्या कादंबरीत त्या दोन-अडीच पानांचे काम हेच होते. तो न्हावी एका विधवेचे केस काढायला येतो. पट्ट्याच्या वाक्यानंतर मी लिहिले होते की 'यंत्राने करावे तसे त्याने ते उरकले.' तात्यांनी त्या वाक्याला नाव ठेवले नव्हते. नातवाने ते वाचले तेव्हा त्यांनी ऐकले असणारच.

मी घरी येऊन पुस्तके काढली. १८९० साली मुंबईत शेकडो न्हावी सभेला जमले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्यांनी ठरविले. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक, १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारणारे. गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली तीही याच वर्षी जूनमध्ये. न्हाव्यांच्या या निश्चयाची बातमी लंडनच्या 'टाइम्स'पर्यंत गेली. त्या वर्षी जोतीराव अंथरुणाला खिळलेले होते. नोव्हेंबरात ते गेले. आणि त्याच वर्षी पुण्यात हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू करून तिच्यात 'पण लक्षात कोण घेतो ?' क्रमशः द्यायला आरंभ केला, ज्यातल्या यमूचे केस जबरदस्तीने काढले जातात. एक वर्ष, एक शहर आणि दुसरे शहर. हरिभाऊंचे नाव माझ्या वर्गातल्या मुलांना पाठ आहे. सभेत बसलेल्या न्हाव्यांपैकी एकाचेही नाव मला सांगता येत नाही.

पूर्वी मी हा प्रसंग व्याख्यानात सांगत असे, आणि शेवटी विचारीत असे की ज्यांनी वस्तरा खाली ठेवला ते मोठे, की ज्यांनी शास्त्राधार काढून तो उचलायला लावला ते मोठे ? टाळ्या पडत. आता मला तो प्रश्न अर्धा वाटतो. मुंबईच्या न्हाव्याला एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे होते, आणि ते रोख पैसे देई. शेजारी त्याच्यासारखे शेकडो होते. याने त्यांच्या निश्चयाची किंमत कमी होत नाही. भावांनो एवढे करा असे कोणी सांगितले आणि त्यांनी केले, हे लहान नव्हे. पण साठ वर्षांनंतरही तळोद्यात ती सभा पोचली नव्हती. येथे एक घराणे, एक न्हावी आणि वर्षाच्या शेवटी मिळणारी ज्वारी.

मी तात्यांना विचारले, "आजोबांनी नाही म्हटले असते तर ?"

"तर चुलत्यानं केलं असतं," ते म्हणाले. "त्याचा हात जड होता."

मग थोड्या वेळाने, मी न विचारता, ते पुढे बोलले. "आणखी एक लिहा, लिहायचंच असंल तर. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या गालाला हा वस्तरा लागला नाही. डोंगरातली माणसं बाजाराला यायची, त्यांची झाडाखाली बसून करायचो. त्यांची नाही केली. खोटं कशाला बोलू ?" अस्पृश्यतेचा कायदा १९५५ चा, अशी सेवा नाकारणे त्याने गुन्हा ठरविले. तात्यांच्या दुकानाचा उंबरा त्याने ओलांडला तो पुष्कळ नंतर. केव्हा, ते मी विचारले नाही. शंभर हातांची ती धार आणि हा नकार एकाच दगडावर लागलेले आहेत, आणि मला त्यातले एक लिहून दुसरे गाळता येत नाही.

आता तात्यांच्या नातवाचे बसस्टँडजवळ सलून आहे. फिरती खुर्ची, पाण्याचा फवारा, भिंतभर आरसा. त्याच्या हातात मूठ वस्तऱ्याचीच असते, पण आत अर्धे मोडलेले ब्लेड. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे. १९०३ साली जिलेटने आपले पहिले वस्तरे विकायला काढले तेव्हा वर्षभरात एक्कावन्न खपले म्हणतात. आपल्याकडे खेड्यापाड्यांतला न्हावी त्या ब्लेडवर आला तो बराचसा एड्सच्या भीतीने, आणि योग्यच झाले. रक्ताला रक्त लागू नये हे शंभर हातांनी साधत नाही. नातू हुशार आहे. त्याने माझी पथरी पाहिली आणि विचारले, "सर, हे किती दिवसांत परत करावं लागतं ?" म्हणजे धार. मी म्हटले, रोज. तो मनापासून हसला.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. पट्ट्याचे वाक्य मी दुरुस्त केले. 'धार पुढे'च्या जागी 'पाठ पुढे' झाले, दोन अक्षरांचे काम. 'यंत्राने करावे तसे' हे खोडले आहे. त्याजागी काय लिहायचे ते तीनदा लिहून झाले आणि तीनदा फाडले. शंभर हात लिहिले की न्हावी फार भला होतो. न लिहावे तर पुन्हा यंत्र.

परवा मुद्रिते घेऊन मी तात्यांकडे गेलो होतो. म्हटले, "माई कधी काही बोलत का हो ?"

ते पट्ट्याला गोडे तेल लावीत होते. बराच वेळ बोलले नाहीत.

"एकदा. आजाचा हात कापायला लागला होता म्हातारपणी. कानामागं जरा लागलं. आजा घाबरला. माई खाली बघत म्हणाल्या, आता पोराला शिकव."

"आणि मग ?"

"पोर म्हणजे मी. दोन महिने दगड घासला, तुम्ही घासला तसा." त्यांनी पट्ट्याची गुंडाळी केली. "त्या पावसाळ्यात त्या गेल्या. माझ्यावर पाळी आली नाही."